क्रॅश बँडीकूट एन. सेन ट्रिलॉजी: आठ महिने खेळून झाल्यावर

बँडीकूट म्हटलं की बेळगाव-निपाणीकडं घूसच डोळ्यापुढं येते, कन्नडमधलं हेग्गण. शब्दही तेलुगूतल्या 'पंदिकोक्कू'वरून आलेला, म्हणजे डुक्कर-उंदीर. पण या व्हिडिओ गेमचा नायक क्रॅश घूस नव्हे. तो ऑस्ट्रेलियातला, पोटाला पिशवी असणाऱ्या जातीचा प्राणी. पोरं हे विचारतातच.

१९९६, १९९७ आणि १९९८ चे तीन गेम नव्यानं बांधून २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आणि २०१८ मध्ये पीसी, एक्सबॉक्स वन, स्विचवर आणले गेले. पीसीवर ३० जीबी जागा आणि किमान ८ जीबी रॅम हवी. रक्तपात नाही, आणि इंग्रजी वाचता येत नसलं तरी अडत नाही.

पोरांना सुरुवात तिसऱ्या भागापासून, 'वॉर्प्ड'पासून करून द्या. तिथं एका खोलीत पाच लेव्हल असतात आणि त्या हव्या त्या क्रमानं खेळता येतात. एक जमत नसली तर दुसरी उघडायची. शिवाय प्रत्येक बॉस, म्हणजे खोलीच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, हरवला की नवी ताकद मिळते. दुसऱ्या बॉसनंतरची दुहेरी उडी आणि तिसऱ्यानंतरची लांब गिरकी हाती आली की निम्मे खड्डे सोपे होतात. पहिल्या भागात यातलं काहीच नाही. नकाशावर एकापाठोपाठ एक लेव्हल, अडलात की अडलात. तिन्ही भागांत सोपं-अवघड निवडायची सोय नाही, आणि दोघांना एकाच वेळी खेळताही येत नाही. बहुतेक लेव्हलमध्ये क्रॅशऐवजी त्याची बहीण कोको मात्र घेता येते.

पहिला भाग खरोखर छळतो, आणि त्यात पोराच्या बोटांचा दोष नसतो. पाय अगदी काठावर टेकला की क्रॅश घसरून पडतो. टक्कर मोजणारा अदृश्य आकार इथं कॅप्सूलसारखा खालून गोल आहे, त्यामुळं काठावर तो टिकत नाही. उडीनंतर खालीही जुन्या गेमपेक्षा लवकर येतो. उड्या जास्त नेमक्या माराव्या लागतात, हे बनवणाऱ्यांनी २०१७ मध्येच सांगितलं होतं. म्हणून पलीकडच्या काठावर नव्हे, फळीच्या मध्यावर नेम धरा. बटण पूर्ण दाबून ठेवा, नजर क्रॅशवर नको, त्याच्या सावलीवर हवी. सरळ वाटेवर कंट्रोलरच्या स्टिकपेक्षा बाणांची बटणं बरी, क्रॅश तिरका जात नाही. 'रोड टू नोव्हेअर' आणि 'द हाय रोड' हे दोन झुलते पूल याच सवयींनी पार होतात.

वाटेतल्या पेट्यांचंही नीट समजून घ्या. टीएनटी या स्फोटक पेटीवर उडी पडली की ३ सेकंदांत फुटते. हिरवी नायट्रो नुसत्या स्पर्शानं उडते, तिच्या जवळ फिरकूच नका. पहिल्या भागात साध्या हिऱ्यासाठी (लेव्हलचं बक्षीस) सगळ्या पेट्या फोडल्या की झालं, मध्ये मेलात तरी चालतं. रंगीत हिऱ्याला मात्र एकही जीव गमावून चालत नाही. जीव संपत आले तर जुन्या सोप्या लेव्हलमध्ये जाऊन फळं गोळा करा, १०० फळांना एक जीव.

टीव्हीवर खेळताना गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते आणि सगळा नेम चुकतो. करंट गेला तर चालू लेव्हलमधली चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा, राहत नाही, लेव्हल पहिल्यापासून. खानापूरकडं पावसाळ्यात खेळणार असाल तर छोटा यूपीएस जोडा, आणि अवघड लेव्हलला हात घालण्याआधी त्याची बॅटरी भरलेली आहे का ते बघा.