पोटदुखी म्हणून नेलं आणि वेळेत ऑपरेशन झालं: बेळगावच्या एका सर्जिकल हॉस्पिटलचा अनुभव

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण मुलाची ओळख लागेल. पण तिथे काय बघितलं ते लिहिणं मला गरजेचं वाटतं.

आम्ही खानापूर तालुक्यातले. मिस्टर गोव्यात कामाला, घरी मी, सासूबाई आणि चौदा वर्षांचा मुलगा. जानेवारीत पहाटे साडेतीनला तो उठून बसला. "आई, पोटात दुखालंय." ओवा दिला, शेक दिला. दोनदा उलटी झाली. उजाडल्यावर जवळच्या दवाखान्यात नेलं. गॅस म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. कपडे उतरवून कुणी बघितलं नाही. मीही नाही, ते मला अजून सलतं.

ओळखलं सासूबाईंनी. तो अंगणात पाय फाकवून चालत होता. म्हणाल्या, "दुखणं पोटात न्हवं गं, खाली हाय. लाज वाटालीय त्याला."

दिरांनी ओम्नी काढली. गणेबैल, देसूर, मच्छे, पिरनवाडी करत आठच्या आत बेळगावात पोचलो. केस पेपर नंतर करा म्हणून मुलाला आधी आत घेतलं. तरुण डॉक्टरांनी पडदा ओढला, आम्हाला बाहेर उभं केलं आणि मुलाशी एकट्याशी बोलले. आईसमोर जे तो चार तास बोलला नव्हता, ते त्यांना दोन मिनिटांत सांगितलं. डावीकडची गोळी, म्हणजे वृषण, सुजून वर चढली होती, आडवी झाली होती. मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की ती आपसूक वर उचलली जायला हवी. उजवीकडची उचलली गेली, डावीकडची जागची हलली नाही.

सर्जन आले आणि मला समजेल असं सांगितलं. वृषणाला रक्त नेणाऱ्या दोरीलाच पीळ पडलाय, रक्त थांबलंय. 6 तासांच्या आत पीळ सुटला तर बहुतेक वेळा वृषण वाचतं, 12 तासांनंतर आशा फार कमी. वयात येणाऱ्या मुलांत हे जास्त होतं, बऱ्याचदा झोपेतच, आणि दुखणं पोटात जाणवतं म्हणून फसगत होते. सोनोग्राफीचं मी विचारलं. "शंका असती तर केली असती. इथे लक्षणं स्पष्ट आहेत, त्यात वेळ घालवायचा नाही." शेवटचं काय आणि कधी खाल्लं-प्यायलं, हे भूलतज्ज्ञांनी दोनदा विचारलं. सहा वाजता मी अर्धा कप चहा पाजला होता, तो सांगितला. दुखत असताना तोंडात काही द्यायचं नसतं, हे तिथे कळलं.

पावणेनऊला आत नेलं. स्ट्रेचर ढकलणाऱ्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या. "अंजब्याड तम्मा" (घाबरू नको बाळा) म्हणत दारापर्यंत त्यांनी त्याचा हात सोडला नाही.

बाहेर आल्यावर सर्जननी सगळं सांगितलं. पीळ सोडवला तेव्हा वृषण काळंनिळं होतं. गरम सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून ते थांबले, हळूहळू रंग परतला. मग ते टाके घालून जागेवर बसवलं आणि उजवीकडचंही, कारण एका बाजूची ठेवण सैल असली की दुसरीकडेही तसा धोका असतो.

दोन गोष्टी खटकल्या. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. सिस्टरनी ओळ न् ओळ तोंडी समजावलं, पण सही करताना माझा हात थरथरत होता. आमच्या भागातले निम्मे पेशंट मराठी, तेव्हा मराठीत छापलेला कागद हवा. आणि थिएटरबाहेर बसायला एकच बाकडं, सासूबाईंना जिन्यावर बसावं लागलं. खर्चाचा अंदाज मात्र आधी कागदावर लिहून दिला आणि बिल त्याच्या आतच आलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

टाके तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा मला बाहेर थांबायला सांगितलं. या वेळी मुलानेच आतून पडदा ओढून घेतला. मिस्टर आता दर रविवारी गोव्याहून फोन करून त्यालाच विचारतात, "दुखत नाही ना रे?" आणि तो न लाजता सांगतो.