विकायच्या फ्लॅटमध्ये लाकडी फ्लोअरिंग: नवीन करावं की आहे तीच फरशी घासून घ्यावी?

लाकडी फ्लोअरिंग केलं की घराला भाव चढतो, हा समज मुख्यतः अमेरिकेतून इथे आला. तिथे तो बराचसा खराही आहे. तिथल्या रिअल्टर संघटनेच्या २०२२ च्या अहवालातल्या अंदाजानुसार नव्या लाकडी फ्लोअरिंगवर केलेल्या खर्चाचे ११८ टक्के विक्रीत परत येतात. जुनंच हार्डवूड घासून पॉलिश केलं, तर १४७ टक्के. पुण्या-मुंबईत फ्लॅट विकणाऱ्याने यातला दुसरा आकडा जास्त लक्षात ठेवावा. तिथे लाकडाची स्पर्धा बऱ्याचदा गालिच्याशी असते, इथे ती व्हिट्रिफाइड आणि मार्बलशी आहे. पण जे आहे ते नीट करून दाखवण्याला नव्या खर्चापेक्षा जास्त मोल मिळतं, हा हिशेब इथेही लागू पडतो.

इथला ग्राहक दारात चपला काढतो आणि अनवाणी फिरतो. त्यामुळे लाकूड पायाला चटकन जाणवतं, आवडतंही. पुढचे दोन प्रश्न मात्र ठरलेले: पावसाळ्यात फुगतं का? रोज ओल्या फडक्याने पुसता येतं का? या दोन प्रश्नांची खरी उत्तरं ‘लाकडी’ या एकाच नावाखाली खपणाऱ्या तीन वस्तूंसाठी तीन वेगवेगळी आहेत.

अस्सल लाकडाची फळी १८ ते २० मिमी जाड असते आणि पुन्हा पुन्हा घासता येते. पण लाकूड हवेतला ओलावा घेऊन आडवं वाढतं. लाकडातल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला, तर ९० मिमी रुंद ओकची फळी सव्वा मिमीच्या आसपास रुंदावते. सागवान साधारण त्याच्या निम्मं. एका फळीला हे काहीच नाही, पण तीस-पस्तीस फळ्यांच्या खोलीत भिंतीलगत जागा नसेल तर फ्लोअरिंग मधोमध उचललं जातं. खालून ओल आली तर फळ्यांच्या कडा वर येतात आणि मध्ये पन्हळ पडते. मुंबईत किंवा कोकणात केवळ विक्रीसाठी हे करू नये.

इंजिनिअर्ड वुडमध्ये वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडव्या-उभ्या प्लायचे थर असतात, म्हणून ते कमी हलतं. वरचा थर ३-४ मिमी असेल तर एक-दोनदा घासता येतं. त्याहून पातळ असेल तर ‘खरं लाकूड आहे, पुन्हा पॉलिश करता येईल’ असं ग्राहकाला सांगू नका.

बाजारात सर्वांत जास्त खपतं ते लॅमिनेट. दाबलेल्या लाकूडचुऱ्याच्या बोर्डवर लाकडाचा छापील कागद आणि त्यावर कडक पारदर्शक थर. ८ मिमीचा, एसी४ दर्जाचा (एसी म्हणजे झीज किती सोसतो याची श्रेणी) बोर्ड घरात सहज टिकतो. त्याचा शत्रू पाणी. बाथरूमच्या दाराशी, बाल्कनीच्या स्लायडिंगखाली किंवा कुंडीखाली पाणी सांध्यात शिरलं की कडा फुगतात, वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत आणि घासून काढायचीही सोय नाही. जाहिरातीत लॅमिनेटला ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणण्याचा मोह टाळावा. चार-पाच फळ्यांनंतर तीच गाठ पुन्हा दिसली की जाणकार ग्राहक ओळखतो, आणि मग तो प्लंबिंगबद्दलही तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

मग करावं कुठे? मास्टर बेडरूममध्ये. तेवढंच पुरेसं. हॉल, स्वयंपाकघर आणि देवघराचा कोपरा यांत पाणी, तेल, वर्दळ सगळंच जास्त. तळमजल्यावर किंवा रो-हाउसमध्ये जमिनीची ओल आणि वाळवी, म्हणून तिथे लॅमिनेट आणि लाकूड दोन्ही नको.

१० बाय १२ फुटांच्या खोलीला तुटीसकट १३० चौरस फूट लॅमिनेट लागतं. साधारण २० चौरस फुटांचं खोकं धरलं तर सात खोकी. आधी फूट-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून फरशीवर २४ तास चिकटवा. खाली दव जमलं तर काम थांबवून ओलीचं कारण शोधा. दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त खळगा असेल तर आधी भरून घ्यावा, नाहीतर चालताना फळी दबते आणि शेजारच्या फळीच्या खोबणीत अडकणारी तिची जीभ तुटते. खोकी खोलीत ४८ तास ठेवावीत. भिंतीलगत ८ ते १० मिमी फट सोडून ती स्कर्टिंगने झाकावी. मिस्त्री घाईत नेमकी हीच फट विसरतात. बोर्ड आणि त्याखाली अंथरायचा फोम मिळून उंची सेंटिमीटरभर वाढते, तेव्हा दाराचा खालचा भाग कापावा लागेल.

फक्त लाकडाचं रूप हवं असेल, तर २०० बाय १२०० मिमीच्या लाकडी छापाच्या टाइल्स पाण्याला दाद देत नाहीत. त्या निम्म्यावर नाही, एक तृतीयांशावर सांधा ठेवून बसवाव्यात. लांब टाइल मध्ये किंचित वाकलेली असते आणि निम्म्यावर तो उंचवटा शेजारच्या टोकाशी भिडून पायाला लागतो. जुन्या फरशीवर बसवल्या तर बाल्कनीचा उंबरा उरतो का, हे आधी मोजा. नाहीतर पावसाचं पाणी आत येईल.

जुन्या इमारतीत मोझेक किंवा मार्बल असेल, तर माझं मत सरळ त्याच्या बाजूने आहे. भोकं रंग मिसळलेल्या व्हाइट सिमेंटने भरायची, जाडपासून बारीक दगडापर्यंत तीन-चार हात घिसाई, शेवटी पॉलिश. पाण्याचा चिखल भिंतीवर उडतो, म्हणून रंगकाम नंतर. मार्बलमध्ये खोल गेलेला गंजाचा पिवळा डाग मात्र सहसा जात नाही. व्हिट्रिफाइडवर ही घिसाई करू नका: वरचा थर गेला की रंध्रं उघडी पडून डाग धरतात. तिथे सांधे खरवडून इपॉक्सी भरणं पुरे.

बँकेचा मूल्यांकनकार प्रामुख्याने क्षेत्रफळ, इमारतीचं वय आणि परिसर बघतो. सरकारी बाजारमूल्य तक्त्यात फ्लोअरिंगचा रकानाच नाही. म्हणजे त्यासाठी जास्त मागितलेले पैसे ग्राहकाला बहुधा कर्जातून नाही, खिशातून द्यावे लागतात. लॅमिनेटच्या एका बेडरूममुळे घर फोटोत उठून दिसतं आणि बघायला येणारे वाढतात, एवढीच अपेक्षा ठेवा. उरलेल्या फळ्या, बिल आणि डिझाइनचा क्रमांक सांभाळून नव्या मालकाला द्या. दोन वर्षांनी तोच छाप बाजारात मिळेलच असं नाही.