आई-बाबांची फाइल कोणाकडे? नाशिकमधल्या तीन वाटा

सत्तरीपुढचं माणूस, बीपी, शुगर आणि गुडघे तिन्ही सोबत, मुलं पुण्याला किंवा परदेशात. इंदिरानगर असो की नाशिकरोड, असं घर सापडतंच. मग ठरवायचं काय? मोठ्या हॉस्पिटलला धरून राहायचं, घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून बाई ठेवायची, की घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांभोवती सगळं बांधायचं?

छातीत कळ, लकवा, खुब्याचं हाड मोडलेलं असलं, तर थेट मोठं हॉस्पिटल. १०८ ला फोन लावा. ७० पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर योजनेतल्या हॉस्पिटलांत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून. आधारवर नोंदणी होते, ती आजारपण यायच्या आत उरकून घ्या. मात्र हे कार्ड भरती झाल्यावर कामाचं. दरमहाच्या गोळ्या किंवा घरी ठेवलेली बाई त्यात बसत नाही.

आणि भरतीपेक्षा जास्त आयुष्य घरीच जातं. माझ्या आईला हृदयाच्या डॉक्टरांची लघवीची गोळी चालू होती. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळी लिहिली. त्या दोन गोळ्या एकत्र आल्या की म्हाताऱ्या किडनीवर ताण येतो. तिसऱ्या आठवड्यात पाय सुजले, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी थकल्याची खूण) वाढलं. कॉलनीतल्या डॉक्टरांनी घरातली सगळी पाकिटं टेबलावर मांडायला लावली, तेव्हा उलगडा झाला. दोन्ही तज्ज्ञ चांगलेच होते, पण दोघांची फाइल वेगळी होती. ती सूज मी अजून विसरलेले नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ब्यूरोची बाई हवीच. दर दोन तासांनी कूस बदलणं एकट्या सुनेच्या आवाक्यातलं नाही. ठेवताना विचारा: शिकलेली नर्स की मदतनीस? बदली बाई कधी येणार? औषधांचा निर्णय मात्र तिच्यावर टाकू नका.

माझा कौल तिसऱ्या वाटेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९७० च्या दशकात म्हाताऱ्यांसाठी एक व्यवस्था सुरू झाली. तीच पुढे अमेरिकेत 'पेस' नावाने पसरली. तिथे डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांच्याबरोबर गाडीचा ड्रायव्हरही टीममध्ये धरलेला असतो. आजी आज पायरी चढताना अडखळल्या, हे आधी त्यालाच दिसतं ना!

आपल्याकडे ही मोट घरालाच बांधावी लागते. फॅमिली डॉक्टर एकच ठेवा, तज्ज्ञाची प्रत्येक चिठ्ठी आधी त्यांना दाखवा. नेहमीचा रिक्षावाला, मेडिकलवाले, ज्येष्ठ नागरिक संघातले शेजारी, सगळ्यांकडे तुमचा नंबर असू द्या. पंचवटीत राहत असाल तर आणखी एक कारण: सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद होतात, तेव्हा चालत गाठता येणारा दवाखाना सोन्याचा.

ही वाट एकाच प्रकारच्या घरात जमत नाही: जिथे फोन उचलायला जवळचं कोणीच नाही. तिथे आधी दिवसाची बाई ठेवा, आणि पहिल्या भेटीला तिलाच डॉक्टरांकडे पाठवा, सगळ्या गोळ्यांची पिशवी देऊन. चूर्णं आणि डोळ्यांचे थेंबसुद्धा त्यात घाला.