ओएसपीएफ, जनुकीय अल्गोरिदम की मुंग्या? बेळगाव भागातल्या छोट्या नेटवर्कसाठी काय घ्यावं

बेळगावहून बँडविड्थ घेऊन निपाणी, चिकोडी, खानापूरकडे इंटरनेट देणाऱ्याचे राउटर वाढले, की रात्री आठनंतर एक लिंक तुंबते आणि शेजारची रिकामी पडून असते. ट्रॅफिक वळवायचा तर तीन वाटा आहेत.

पहिली, आहे तेच ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपसात माहिती देऊन मार्ग ठरवायची नेहमीची पद्धत. तिच्यात प्रत्येक लिंकला एक आकडा असतो, त्याला खर्च म्हणतात; पैशांशी संबंध नाही. डायक्स्ट्राच्या 1959 सालच्या रीतीने प्रत्येक राउटर कमीत कमी खर्चाचा मार्ग काढतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसात फायबर तुटली तर आपोआप दुसरा धरतो. पण गर्दी त्याला दिसत नाही. शिवाय खर्च म्हणजे पाया भागिले लिंकचा वेग, पण 1 च्या खाली नाही; बऱ्याच राउटरांत हा पाया 100 एमबीपीएस धरलेला असतो, म्हणून 1 आणि 10 जीबीपीएस, दोन्ही लिंकचा खर्च 1च! समजा निपाणीला थेट लिंक 1 जीबीपीएसची आणि संकेश्वरमार्गे दोन्ही टप्पे 10 चे. थेट खर्च 1, संकेश्वरमार्गे 2. सगळा लोंढा बारक्या लिंकवर. पाया सगळीकडे सारखा 100 जीबीपीएस करा: थेट 100, संकेश्वरमार्गे 20. फुकटात काम होतं. हे केल्याशिवाय पुढचं वाचूही नका.

दुसरी, जनुकीय अल्गोरिदम. सगळ्या लिंकच्या खर्चांची यादी म्हणजे एक गुणसूत्र. अशा शंभरेक याद्या घ्यायच्या, प्रत्येकीवर मोजलेला ट्रॅफिक पीसीवर चालवून सर्वांत भरलेली लिंक किती टक्के भरते ते पाहायचं. बऱ्या याद्यांचा संकर करायचा (काही आकडे एकीतले, काही दुसरीतले), मधूनच एखादा आकडा बदलायचा. एरिक्सन, रेझेंडे आणि पार्डालोस यांनी 2002 मध्ये ओएसपीएफसाठी हे करून दाखवलं. राउटर बदलावे लागत नाहीत, हा मोठा फायदा. मेख मोजमापात आहे: कुठून कुठे किती ट्रॅफिक जातो हेच माहीत नसेल, तर उत्तर बिनकामाचं. चाचणीत एकेक लिंक तोडूनही बघा. आणि खर्च तासातासाला बदलू नका. प्रत्येक बदलाला राउटर मार्ग नव्याने काढतात, तेवढ्यात पॅकेटं हरवतात.

तिसरी, मुंग्या. दी कारो आणि दोरिगो यांचं अँटनेट 1998 चं. काटेकोर बोलायचं तर ही जनुकीय अल्गोरिदमसारखी उत्क्रांतीची नक्कल नव्हे, मुंग्यांच्या थव्याची रीत. छोटी पॅकेटं मार्ग चाचपत जातात आणि परतताना लागलेल्या वेळेप्रमाणे राउटरांच्या तक्त्यात त्या मार्गाचं वजन वाढवतात. गर्दी झाली की ट्रॅफिक आपोआप वळतो, कागदावर सुरेख. पण एकाच डाउनलोडची पॅकेटं वेगवेगळ्या मार्गांनी मागेपुढे पोचली की टीसीपी (डाउनलोडची पॅकेटं नीट पोचवणारी यंत्रणा) वेग कमी करतो, आणि नेहमीच्या राउटरांत मुंग्यांची ही सोय नसते. व्हीटीयूच्या (बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला सिम्युलेटरवर खुशाल घ्या. पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांवर नको.

लिंका गोलात जोडलेली रिंग एकच असेल तर मार्ग उजवा किंवा डावा, खर्च हातानेच लावा. दोन-तीन रिंगा एकमेकींत अडकल्या असतील आणि भाड्याची लिंक वाढवायचा विचार असेल, तर ते पैसे मोजण्याआधी जनुकीय अल्गोरिदम चालवून बघा. त्यासाठी आठवडाभर नेटफ्लो (कुठून कुठे किती ट्रॅफिक गेला याची राउटरमधली नोंद) चालू ठेवा, आणि त्यात भारताच्या मॅचची एक तरी संध्याकाळ येऊ द्या.