कपल थेरपी: गॉटमन, ईएफटी, आयबीसीटी की इमागो?

जोडीने थेरपीला जायचं ठरलं की चौकशी होते ती थेरपिस्टची. अनुभव किती, फी किती, संध्याकाळची वेळ मिळेल का. पद्धत कोणती, हे क्वचितच कुणी विचारतं. खरं तर त्या खोलीत काय घडणार, घरी काय करायला सांगणार आणि गाडं कुठे रुतणार, हे बरंचसं पद्धतीवर ठरतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. त्याच त्या मुद्द्यावर वर्षानुवर्षं अडलेल्या जोडप्यांसाठी आयबीसीटी (इंटिग्रेटिव्ह बिहेवियरल कपल थेरपी, बदल आणि स्वीकार दोन्हींवर काम करणारी पद्धत) सर्वांत भरवशाची वाटते. एकजण सतत मागे लागतो आणि दुसरा आणखी आणखी गप्प होतो, अशा घरात ईएफटी (इमोशनली फोकस्ड थेरपी). भांडण सुरू झालं की दोन मिनिटांत हाताबाहेर जातं, त्यांनी गॉटमन पद्धतीपासून सुरुवात करावी. इमागो या चौथ्या पद्धतीतली संवादाची रीत शिकून घेण्यासारखी आहे, पण फक्त तिच्यावर पूर्ण उपचार उभा करावा असं वाटत नाही.

गॉटमन पद्धतीची मुळं प्रयोगशाळेत आहेत. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९७० च्या दशकापासून जोडप्यांना समोरासमोर बसवून, त्यांच्याच वादाचा विषय देऊन चित्रीकरण केलं आणि त्या वेळचे हृदयाचे ठोके मोजले. त्यातून नातं पोखरणारी चार वागणुकी पुढे आल्या: स्वभावावर घाव घालणारी टीका, तुच्छतेने बोलणं, लगेच स्वतःचा बचाव करणं आणि तोंडाला कुलूप लावून बसणं. यात तुच्छता सर्वांत घातक. डोळे फिरवणं, नक्कल करणं, टोमणा मारणं हे सगळं तिच्यातच मोडतं. दुसरं निरीक्षण दिलासा देणारं आहे: जोडप्यांच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के कधीच सुटत नाहीत, आणि सुखी जोडप्यांचेही सुटत नाहीत. ती जोडपी त्यावर बोलत राहतात, एवढाच फरक.

प्रत्यक्षात पहिलं सेशन दोघांचं एकत्र, मग प्रत्येकाचं वेगळं, सोबत लांबलचक प्रश्नावल्या, आणि त्यानंतर तुमच्या नात्यात काय बळकट आहे आणि काय कच्चं आहे ते सांगणारं सेशन. त्यानंतर कौशल्यांचा सराव सुरू होतो. पहिलं कौशल्य विषय काढण्याचं. ‘तू कधीच वेळेवर येत नाहीस, तुला माझी पर्वाच नाही’ याऐवजी ‘नऊ वाजून गेले, फोन नाही, मला काळजी वाटत होती, उशीर होणार असेल तर एक मेसेज कर.’ म्हणजे काय घडलं, मला काय वाटलं, मला काय हवं. इथे नेहमी होणारी चूक अशी की लोक ‘मला’ने सुरुवात करतात आणि शिवी तशीच ठेवतात: ‘मला वाटतं तू स्वार्थी आहेस.’ ती भावना नाही, टीकाच आहे. चांगला थेरपिस्ट तिथल्या तिथे थांबवून वाक्य पुन्हा बोलायला लावतो.

दुसरं कौशल्य भांडण मध्येच थांबवण्याचं. ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं ऐकून घेण्याची कुवतच उरत नाही. म्हणून काही थेरपिस्ट सेशनमध्ये बोटाला नाडी मोजणारी क्लिप लावतात. मग किमान २० मिनिटांची सुट्टी, कारण शरीर शांत व्हायला तेवढा वेळ लागतो. ही सुट्टी दोन कारणांनी फसते. एक, परत कधी बोलायचं हे न सांगता माणूस उठून जातो, आणि मागे राहिलेल्याला टाकून गेल्यासारखं वाटतं. दोन, त्या २० मिनिटांत तो मनातल्या मनात पुढचे मुद्दे घोळवत बसतो, मग ठोके उतरतच नाहीत. म्हणून उठताना वेळ सांगायची, ‘साडेनऊला बोलू’, आणि सुट्टीत चालायचं, वाचायचं, संथ श्वास घ्यायचा. वादाचा विचार मनात आला की तो बाजूला सारायचा. ठरल्या वेळी ज्याने सुट्टी मागितली त्यानेच विषय पुन्हा काढायचा.

या पद्धतीच्या जाहिरातीत ‘घटस्फोटाचं ९० टक्क्यांहून अधिक अचूक भाकीत’ हा दावा दिसला तर तो जपून घ्यावा. ज्या जोडप्यांचं पुढे काय झालं ते आधीच माहीत होतं, त्यांच्याच माहितीवर ती समीकरणं बसवलेली होती. नव्या जोडप्यांना तीच समीकरणं लावली की अचूकता घसरते. निरीक्षणांचं मोल त्याने कमी होत नाही. मात्र खोल दुखावलेल्या माणसाला नुसती वाक्यं घोटायला लावली की नाटक केल्यासारखं वाटतं, आणि तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरचा सराव सोडतो. तिथे ही पद्धत अपुरी पडते.

ईएफटी म्हणजे भावनांवर काम करणारी पद्धत. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात ती बांधली. पाया मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या जिव्हाळ्याच्या बंधाच्या सिद्धांताचा. इथे कौशल्यं शिकवत नाहीत. भांडणाचा विषय काहीही असो, खाली प्रश्न एकच धरला जातो: मला गरज पडली तर तू असशील का? साधारण ८ ते २० सेशन, तीन टप्पे, नऊ पायऱ्या.

पहिल्या टप्प्यात चक्र ओळखायचं. ती विचारत राहते, तो टाळतो, टाळतो म्हणून ती आवाज चढवते, आवाज चढला म्हणून तो खोलीबाहेर जातो. (कुठल्या घरात भूमिका उलट्याही असतात.) दोघांनी मिळून त्या चक्राला दोषी धरायचं, एकमेकांना नाही. दुसरा टप्पा सर्वांत अवघड. थेरपिस्ट गप्प बसणाऱ्याकडे वळतो आणि हळू आवाजात, तेच शब्द पुन्हा पुन्हा वापरत विचारतो: ‘ती बोलायला लागली आणि तुमचे हात एकदम घट्ट झाले. तेव्हा आत काय होतं?’ ‘काही नाही.’ ‘काही नाही. आणि त्या काही नाहीच्या आधी, क्षणभर?’ बऱ्याच वेळाने उत्तर येतं, ‘आता परत मीच कमी पडलो.’ मग थेरपिस्ट म्हणतो, ‘हे तिच्याकडे बघून सांगाल?’ ईएफटीचं सारं बळ त्या वळणात आहे. माहिती थेरपिस्टला देणं आणि तीच जोडीदाराकडे बघून बोलणं यात फार अंतर असतं.

चुकतं कुठे, तर क्रमात. आधी मागे सरकणाऱ्याला पुढे आणायचं आणि मगच दोष देणाऱ्याला आपली भीती उघड करायला सांगायचं. उलट केलं तर ती सगळं बळ एकवटून म्हणते ‘मला एकटं पडायची भीती वाटते’ आणि समोरून पुन्हा शांतता. ती जखम जुन्या दहा भांडणांपेक्षा खोल जाते. दुसरी चूक लवकर थांबण्याची. पहिला टप्पा संपला की भांडणं कमी होतात, घरात शांतता येते आणि जोडपं म्हणतं आता बरं चाललंय. बंध मात्र तसाच सैल असतो. मूल आजारी पडलं किंवा नोकरी गेली की चक्र पुन्हा फिरू लागतं. थेरपिस्टने इथे स्पष्ट सांगायला हवं की अर्धंच काम झालंय.

ईएफटीबद्दल ७० ते ७३ टक्के जोडपी त्रासातून बाहेर येतात हा आकडा सगळीकडे दिसतो. तो १९९९ च्या एका आढाव्यातला आहे आणि तो आढावा मोजक्याच छोट्या अभ्यासांवर उभा आहे. त्यानंतर या पद्धतीवर बरंच संशोधन झालं, पुरावा चांगलाच आहे. पण आपल्यालाही तेवढीच हमी आहे असं समजून जाऊ नये.

आयबीसीटी आम्हाला जवळची वाटते ती तिच्या प्रामाणिकपणामुळे. तिच्या आधीची वर्तन पद्धत १९७० च्या दशकातली: दोघांनी एकमेकांसाठी काय करायचं ते ठरवा, बोलण्याचे नियम शिका, तोडगा काढा. सुरुवातीला फरक दिसायचा, नंतर विरायचा, कारण कराराने केलेली गोष्ट करार विसरला की थांबते. मग अँड्र्यू क्रिस्टेन्सेन आणि नील जेकबसन यांनी तिच्यात स्वीकाराची बाजू घातली. काही गोष्टी बदलतील, काही बदलणार नाहीत. न बदलणाऱ्या गोष्टीवरून होणारी हाणामारी तरी थांबवू.

सुरुवातीची चार सेशन ठरलेली: एक एकत्र, एकेक वेगळं, आणि चौथ्यात निदान. हे निदान चार गोष्टींचं असतं: तुमच्या दोघांतला स्वाभाविक फरक, त्यावर मीठ चोळणारे प्रत्येकाचे जुने हळवे कोपरे, बाहेरचा ताण, आणि यातून तयार झालेली वागण्याची घडी. समजा एकाला पैसा साठवल्याशिवाय झोप लागत नाही आणि दुसऱ्याला आजचा दिवस जगायचा आहे. हा फरक. एकाचं लहानपण उधारीत गेलं, दुसऱ्याचं प्रत्येक गोष्टीची परवानगी मागण्यात. हे हळवे कोपरे. घरकर्जाचा हप्ता हा ताण. एक हिशेब तपासतो, दुसरा खरेदी लपवतो, ही घडी. चौथ्या सेशनमध्ये हे ऐकताना दोघंही मान डोलावतात का ते पाहावं. एकच डोलावत असेल तर ते निदान एकतर्फी आहे, आणि ते तिथेच बोलून दुरुस्त करून घ्यावं.

पुढच्या कामात एक विलक्षण अभ्यास येतो. जी सवय दुसऱ्याला खटकते ती आठवड्यात एकदा, मनात राग नसताना, मुद्दाम करायची. उदाहरणार्थ हिशेब तपासणाऱ्याने उगाचच ‘बिल कुठे आहे?’ विचारायचं, समोरच्याचा चेहरा बघायचा, आणि लगेच सांगायचं की हे मुद्दाम होतं. स्वतः शांत असल्यामुळे आपल्या शब्दाने समोरच्याला काय होतं ते प्रथमच नीट दिसतं. दुसऱ्यालाही कळून चुकतं की हा प्रश्न कधीही येऊ शकतो आणि त्याने आभाळ कोसळत नाही. उघड सांगायला उशीर केला की मात्र खरंच भांडण पेटतं. एखाद्या मिनिटाच्या आत सांगायचं. आणि विश्वासघाताच्या, दुखावणाऱ्या विषयांवर हा अभ्यास अजिबात करायचा नाही.

पुरावाही भक्कम आहे. दीर्घकाळ आणि गंभीर त्रासात असलेल्या १३४ विवाहित जोडप्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून जुनी किंवा नवी पद्धत दिली गेली, कमाल २६ सेशन. दोन वर्षांनी नव्या पद्धतीतली ६९ टक्के आणि जुन्या पद्धतीतली ६० टक्के जोडपी लक्षणीय सुधारलेली होती. पाच वर्षांनी दोन्ही गटांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं आणि साधारण चौथा हिस्सा विभक्त झाला होता. म्हणजे पद्धतींमधला फरकही काळाने पुसट झाला. थेरपी संपल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने एखादं सेशन घ्यावं असं आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठीच. या पद्धतीतला मोठा धोका म्हणजे ‘स्वीकार’ म्हणजे ‘गिळून टाक’ असा अर्थ घेतला जाणं. जो आधीच सगळं सोसत आलाय त्यालाच आणखी स्वीकारायला सांगितलं जात असेल तर थेरपिस्टला तिथेच थांबवा.

इमागो ही हार्विल हेंड्रिक्स आणि हेलन लाकेली हंट यांची पद्धत. बालपणीच्या जखमांवरून आपण जोडीदार निवडतो या तिच्या सिद्धांताला पुरावा तोकडा आहे. संवादाची रीत मात्र कामाची: एकाने दोन-तीन वाक्यं बोलायची, दुसऱ्याने ती जशीच्या तशी परत सांगायची, ‘बरोबर ऐकलं का? अजून काही?’ विचारायचं, मग ‘तुझ्या जागी हे का पटण्यासारखं आहे ते कळतं’ म्हणायचं आणि शेवटी भावना ओळखायची. बोलणारा सलग पाच मिनिटं बोलतच राहिला की रीत मोडते. ‘कळतं’ म्हणजे ‘मान्य आहे’ असं धरलं तरीही मोडते. तापलेल्या भांडणात ती वापरायला जाऊ नये. नवविवाहितांवरच्या १९९८ च्या एका अभ्यासात सुखी जोडपीही वाद घालताना असं परत सांगून ऐकत नाहीत हे दिसलं होतं.

एकाला नातं वाचवायचं आहे आणि दुसऱ्याचा एक पाय दाराबाहेर आहे, तर वरच्यापैकी काहीच लगेच घेऊ नका. त्यांच्यासाठी विल्यम डोहर्टी यांनी आखलेलं निर्णयापुरतं समुपदेशन आहे: १ ते ५ सेशन, त्यातला बराच वेळ दोघांशी आळीपाळीने वेगळं बोलणं. शेवटी तीनपैकी एक वाट निवडायची: आहे तसं चालू ठेवणं, वेगळं होणं, किंवा सहा महिने घटस्फोटाचा विषय बाजूला ठेवून पूर्ण जोर लावून थेरपी करणं. हे न करता सरळ थेरपी सुरू केली की जाणारा मनाविरुद्ध येतो, घरचा सराव करत नाही, आणि ‘थेरपीही करून पाहिली’ हे कारण घेऊन निघून जातो.

पहिल्या फोनवर विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. दोघांशी वेगवेगळं बोलणार का? मारहाण, धमकी, पैशांची किंवा येण्याजाण्याची नाकाबंदी आहे का, हे जोडीदाराच्या समोर कुणी खरं सांगत नाही. भीतीचं वातावरण असेल तर एकत्र थेरपी धोक्याची ठरते, कारण सेशनमध्ये उघड बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते. अशा वेळी आधी वेगळी मदत आणि सुरक्षिततेची सोय. वेगळं सांगितलेलं गुपित थेरपिस्ट ठेवणार की नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून, शक्यतो लिहून घ्यावा. एखादं विवाहबाह्य प्रकरण अजून चालू आहे आणि ते थेरपिस्टला ठाऊक आहे पण जोडीदाराला नाही, अशा अवस्थेत पुढचं सगळं काम पालथ्या घड्यावर पाणी. सेशन किती मिनिटांचं, हेही विचारा. ५० मिनिटांत विषय उघडतो आणि मिटवायला वेळ उरत नाही, मग भांडण परतीच्या वाटेवर होतं. ७५ ते ९० मिनिटं मिळाली तर पंधरवड्यातून एकदा गेलेलंही चालतं.

पद्धत कोणतीही निवडा, चौथ्या सेशनपर्यंत तुमच्या अडचणीचं चित्र थेरपिस्टने दोघांना पटेल अशा शब्दांत मांडलेलं असावं. आठव्यापर्यंत घरी काहीतरी वेगळं दिसायला हवं: भांडण तेवढंच होतं, पण समेट तीन दिवसांऐवजी त्याच रात्री होतो, इतकंही पुरे. दोन्ही दिसत नसेल तर थेरपिस्टला थेट विचारा. आणि तुम्ही दोघं खोलीत तावातावाने भांडताय आणि थेरपिस्ट सलग दोन-तीन सेशन नुसता ऐकत, टिपणं घेत बसतोय, तर वाट बघू नका, थेरपिस्ट बदला. तसं भांडण घरी फुकटात होतंच.