फ्रेंच शिकवणारं अ‍ॅप: आठ महिन्यांनंतर

नवऱ्याला कंपनी फ्रान्समध्ये ल्योंला पाठवणार हे ठरलं, त्याच आठवड्यात वर्षाचे पैसे भरून हे अ‍ॅप घेतलं. रोज वीस मिनिटं, एकही दिवस खाडा नाही. पाच महिने पुण्यात, तीन महिने इथे.

शब्द पक्के होतात, यात वाद नाही. टेबल 'ती' आणि पुस्तक 'तो' हे मराठी माणसाला जड जात नाही. नव्वदला हे लोक 'चार-वीस-दहा' म्हणतात, तेही अ‍ॅपने घोटून घेतलं. (शेजारी स्वित्झर्लंडमध्ये सरळ 'नोनांत' म्हणतात हे कळल्यावर जरा चिडले. पण एकोणनव्वद म्हणणाऱ्यांनी काय बोलावं!)

घोळ पुढे आहे. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. वाक्य मनात तीनदा घोळवून म्हटलं, 'ज्य वुद्रे उन बागेत, सिल वू प्ले.' म्हणजे, एक बागेत (इथला लांबडा पाव) द्या, प्लीज. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, 'बोंजूर.' मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. त्या पुन्हा, आवाज जरा चढवून, 'बोंजूर, मादाम.' मागे चार माणसं खोळंबलेली. तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

बोंजूर म्हणजे नमस्कार, हे अ‍ॅपच्या पहिल्या धड्यात आहे. तो म्हटल्याशिवाय पाव मागणं म्हणजे चपला घालून कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणं, हे कुठल्याच धड्यात नाही. आपण वाण्याला कुठे नमस्कार करतो? पण 'काका, अर्धा किलो साखर द्या' यातला 'काका' तेच काम करतो. हे लक्षात आल्यापासून बसच्या ड्रायव्हरला, दवाखान्यात ताटकळत बसलेल्या अनोळखी लोकांनाही बोंजूर घालते. माणसं सुतासारखी सरळ वागतात.

मग 'तु' आणि 'वू'. अ‍ॅप इंग्रजीतून शिकवतं, त्यामुळे दोन्हीकडे 'यू'. आपल्याकडे तू-तुम्ही आयतं आहे, पण ते जसंच्या तसं इथे बसत नाही. शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी दुसऱ्याच भेटीत विचारलं, 'ओं प्य स त्युत्वाये?' म्हणजे, एकमेकींना 'तु' म्हणायचं का? आईला आपण तू म्हणतो हो, पण शेजारच्या काकूंना? जीभ रेटेना. तीन आठवडे मी वाक्यं अशी फिरवत होते की त्यांना संबोधायची वेळच येऊ नये. व्याकरण त्यातच जास्त सुधारलं.

त्यांना एकदा पोहे दिले. खाऊन म्हणाल्या, 'पा माल.' अ‍ॅपच्या मते याचा अर्थ 'वाईट नाही'. मी खट्टू. बाईंनी मात्र बशी पुन्हा पुढे केली. इथे ती बऱ्यापैकी शाबासकी असते म्हणे.

पाचपैकी अडीच तारे. वर्ष संपेपर्यंत शब्दांसाठी वापरेन, पुन्हा पैसे भरणार नाही. बोलण्याचा सराव शेजारी होतो. दर शुक्रवारी, पोह्यांवर.