नौपाड्यातील समुद्री माशांचे दुकान आणि गोबी-कोळंबीची जोडी

गोबी हा लहान समुद्री मासा आणि त्याच्यासोबत एकाच बिळात राहणारी, नांगीने ‘टक’ असा आवाज करणारी पिस्तूल कोळंबी यांची जोडी घ्यायची असेल, तर ती दुकानात कशी ठेवली आहे हे आधी पाहावे. ठाण्याच्या नौपाड्यातील ज्या लहानशा दुकानाविषयी मी लिहीत आहे, तेथे हे दोन्ही प्राणी वाळूचा जाड थर आणि प्रवाळाचे बारीक तुकडे घातलेल्या टाकीत एकत्र ठेवले जातात. त्यामुळे कोळंबी बिळातली वाळू बाहेर आणून टाकते, तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते आणि धोका दिसताच गोबीने शेपटी थरथरवली की ती झटकन आत शिरते, हे सारे पैसे मोजण्यापूर्वीच पाहायला मिळते. कोळंबीची नजर अधू असल्याने तिची सारी भिस्त या पहारेकऱ्यावर असते. वाळू नसलेल्या, उघड्या काचेच्या तळावर वेगवेगळे ठेवलेले प्राणी एकमेकांशी जमवून घेतील की नाही, हे कळणे अवघड.

मी पिवळा वॉचमन गोबी आणि टायगर पिस्तूल कोळंबी घेतली. दुकानदारांनी टाकीला झाकण आहे का, वाळू किती जाड आहे आणि दगड कशावर टेकवले आहेत, हे आधी विचारले. यांतला शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण कोळंबी दगडांखाली खणत जाते आणि दगड नुसत्या वाळूवर रचलेले असतील, तर ते खचून दोघेही चिरडले जाऊ शकतात. म्हणून दगड थेट तळाच्या काचेवर बसवून मग भोवती वाळू पसरावी. घाबरलेला गोबी टाकीबाहेर उडी मारतो, तेव्हा बारीक जाळीचे झाकण हवेच. रात्री ऐकू येणारा कोळंबीचा ‘टक’ आवाज नांगी आपटल्याचा नसून पाण्यात निर्माण झालेला बुडबुडा फुटल्याचा असतो, हे २००० साली संशोधकांनी दाखवले.

पॅकिंगबाबत मात्र माझी तक्रार आहे. उन्हाळ्यात घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून प्राणी न्यायचे असताना थर्माकोलची पेटी मागून घ्यावी लागली. त्याहून गंभीर बाब म्हणजे माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर येथे तांबेयुक्त औषध सहज हाती दिले जाते. मासा ते योग्य मात्रेत सोसतो, पण कोळंबीला ते घातक ठरते. आजारी गोबीवर त्याने उपचार करायचे झाल्यास ते वेगळ्या टाकीतच करावेत, ही सूचना दुकानात ठळकपणे लावली पाहिजे.